मुक्या खाटा

मेहरुनभाभी जिन्यातच बसून होती. असले गुंते सोडवण्यात नाव असलेल्या विजयमालाबाईंनी दार उघडताच ती उठली.

"बाई, संध्याकाळी माझ्या नियाजला पोलिसांत देणार आहेत. त्यानं नाही केलं हो हे!"

बिबवेवाडीतल्या एका इस्पितळात नियाजच्या कंपनीला खाटांजवळच्या मशीनवर नवा अलार्म बसवायचा होता. तो बसवणारी स्क्रिप्ट, म्हणजे मशीनला ओळीनं दिलेले हुकूम, मध्येच अडली. तिथल्या रुग्ण गोदाबाईंचा श्वास मंदावला, तेव्हा अलार्म मुकाच राहिला. त्या अजून शुद्धीवर नव्हत्या. स्क्रिप्टमधला शेवटचा बदल खंडेनवमीचा होता, आणि नियाजच्या नावावर.

"पूर्वरंगावरून आख्यान ठरवू नये, बाई," कीर्तनं करणारा बाईंचा मदतनीस भीमराव चपला चढवत म्हणाला.

कंपनीत तिघंच होती. नियाजचा लॅपटॉप मॅक. शेफाली, रणजित यांचे लॅपटॉप आणि खाटांजवळची मशीनं लिनक्सवर चालणारी.

"माझा पासवर्ड सगळ्यांना ठाऊक आहे," नियाज पुटपुटला. "नवमीला लॅपटॉप घेऊन घरीच होतो."

"दानशूर!" शेफाली फणकारली. "मीही कसब्यात घरी होते. लॅपटॉपसकट. पूजेबिजेत मी पडत नाही."

रणजित सर्वांत जुना. कपाळावर गंध.

"लॅपटॉप हेच आमचं शस्त्र, बाई. नवमीला इथंच हळदकुंकू वाहिलं, ते दसऱ्यानंतरच हाती घेतलं. वारज्याला पोराच्या विंडोज कॉम्प्युटरवर भजनं ऐकत होतो."

बाईंनी नियाजला फाइल उघडायला लावली. "ओळींच्या शेवटी हे काय?"

"विंडोजवर सेव्ह केलं की चिकटते ही खूण. एरवी दिसत नाही. लिनक्स तिच्यावर अडतं."

"पण विंडोज तर इथं कुणाकडेच नाही!" भीमराव गोंधळला.

"म्हणूनच. जो तो आपल्याच मशीनवर काम करतो. मग त्या दिवशी परक्या मशीनवर कोण बसलं? नियाज, शेफाली यांचं मशीन हाताशी होतं. पूजेत एकच होतं. रणजितराव, पोराचा कॉम्प्युटर मागवू?"

रणजितनं खुर्ची मागे सरकवली.

"एकच ओळ बदलली," तो म्हणाला. "डॉक्टरांसमोर चुकीचा मेसेज यावा, नियाजची फजिती व्हावी, एवढंच. कालचा पोरगा माझा साहेब झाला! अलार्म बंद पडेल असं... देवाशपथ..."

"देवाला मध्ये आणू नका," भीमराव म्हणाला. एवढा कठोर आवाज बाईंनीही त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "पूजलेल्या शस्त्राला हात लावला नाहीत. वार मात्र केलातच."

मेहरुनभाभी लेकाकडे धावली. नियाजनं तिचा हात क्षणभर धरला, सोडला आणि लॅपटॉप उचलला.

"पोलिसांना सावकाश बोलवा. शेफाली, चल. वरच्या मजल्यावर सहा खाटांना अजून आवाज नाही."