एकाच मापाचे प्रश्न

"एआयचं महिन्याचं बजेट संपलं," साहेब दारातूनच म्हणाले. "अर्ध्याहून जास्त टोकन एकाच खात्यावर उडालीत. नवीच्या."

ऑफिसातली बोटं थांबली. रुग्णवाहिकांना जवळचा रस्ता दाखवणारं सॉफ्टवेअर उद्या द्यायचं होतं. कोडिंगला मदत करणारा एआय जेवढं वाची आणि लिही, त्या शब्दांचे तुकडे, म्हणजे टोकन, मोजून बिल येई.

नवी, नुकतीच रुजू झालेली प्रोग्रामर, पांढरीफटक पडली. "मी एवढं वापरलंच नाही, साहेब."

"मग भुतानं वापरलं? संध्याकाळपर्यंत खरं सांग. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

"तोवर मी बघते," टेस्टर म्हणाली. इतरांच्या कोडमधल्या चुका शोधणं तिचं काम. तिच्या हातून काही निसटत नसे, म्हणून सगळे तिला चाळणी म्हणत.

तिनं वापराचे आकडे उघडले. कोणी काय विचारलं ते दिसत नव्हतं. फक्त आत किती गेलं नि बाहेर किती आलं. नवीच्या खात्यावर आत जाणारं डोंगराएवढं, बाहेर येणारं चिमूटभर. आणि कित्येक प्रश्न हुबेहूब एकाच मापाचे.

"काल दुपारी कुठे होतीस?" तिनं नवीला विचारलं.

"साहेबांबरोबर, ग्राहकाकडे. लॅपटॉप बंद होता."

त्या वेळीही टोकन जातच होती.

"पासवर्ड कोणाला माहीत आहे?"

"कोणालाच नाही. खातं काकांनी उघडून दिलं, तेव्हाचाच आहे."

काका म्हणजे ऑफिसचा कणा. मूळ कोड त्यांचाच, आणि चाळणीला कामाचं बाळकडू पाजलं तेही त्यांनीच. ती त्यांच्या टेबलाशी गेली.

"नवीवर आळ आलाय, काका."

"पोरगी चांगली आहे गं. डिलिव्हरी कधी आहे?"

"उद्या."

थोडं इकडचं तिकडचं बोलून ती वळली, तर मागून आवाज आला, "आणि डिलिव्हरी कधी आहे?"

"उद्या," तिनं पुन्हा सांगितलं.

संध्याकाळी तिनं साहेब, नवी आणि काकांना आतल्या खोलीत बसवलं आणि दार लावलं. तोंड उघडणं जिवावर आलं होतं.

"कोड लिहून घेणाऱ्याला उत्तर लांबलचक येतं. इथे कोणी काही लिहून घेतच नव्हतं. सगळा कोड वाचायला द्यायचा आणि ओळभर उत्तर घ्यायचं. थोड्या वेळानं पुन्हा तोच प्रश्न, म्हणून माप तेच."

"पण विचारणार कोण?" साहेब म्हणाले.

"नवीला अडलं असतं तर तिनं उठून काकांना विचारलं असतं. चोरून एआयला विचारेल तो असा माणूस, ज्याला कोणालाच विचारता येत नाही. कारण सगळं त्यालाच माहीत आहे असं आपण धरून चालतो." ती थांबली. "काका, पासवर्ड तुम्हाला ठाऊक होता."

काकांनी आपला लॅपटॉप उघडून टेबलावर पुढे सरकवला.

"माझंच लिहिलेलं मला ओळखू येत नाही," ते म्हणाले. "माझ्या खात्यावर दिसलं असतं, तर तुम्ही कारण विचारलं असतंत." मग नवीकडे वळले. "तुझी नोकरी जात होती आणि मी गप्प बसलो. माफी मागायलाही तोंड नाही मला."

साहेबांनी कपाळ चोळलं. "उद्याची डिलिव्हरी होणार नाही. काकांचा प्रत्येक बदल पुन्हा तपासायचा. लोकांच्या जिवाशी गाठ आहे."

"डॉक्टरांना दाखवलंत?" चाळणीनं विचारलं.

"भीती वाटते गं."

तिनं पर्स उचलली. "चला. मी येते बरोबर."

नवीनं काकांचा लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

"जाऊन या," ती म्हणाली. "तोवर मी तुमचा कोड वाचायला घेते."