प्रेमलालचा पाय

"बाई, त्यायचा पाय थरथर कापत नाही. ब्रेक कापते."

गोदाबाई खुर्चीच्या टोकावर बसली होती. तिचा नवरा प्रेमलाल तीस वर्षं बिरसा-बालाघाट रस्त्यावर प्रवासी जीप चालवत होता. गेल्या आठवड्यात जीप पुलाच्या कठड्याला धडकली आणि एका प्रवासी बाईचा हात मोडला. जीपचा मालक वीरेंद्र म्हणाला, ड्रायव्हर प्यालेला होता. लायसन्स रद्द करा, असा अर्ज तो सोमवारी देणार होता.

दीपिका गजभिये आधी विमा कंपन्यांसाठी अपघाताच्या गाड्या तपासायची, आता खाजगी तपास करायची. बालाघाटात खऱ्याला गिऱ्हाईक कमी, म्हणून तिला फुरसत भरपूर. तिचे मामा डोमाजी, निवृत्त मास्तर, सोबत असायचे. निष्कर्ष काढायची त्यांना भारी घाई.

"नेमकं काय व्हायचं?" दीपिकानं विचारलं.

"ब्रेक दाबला की पायाले मागं ढकलते म्हणत. स्टेअरिंगचं हँडलही हालते. नाही दाबला तं काईच नाही. मालकाले तीनदा सांगतलं यायनं."

वीरेंद्र कूलरसमोर बसला होता. "दोन महिने पहले पुढच्या दोन्ही चाकायच्या ब्रेकच्या डिस्क नव्या टाकल्या. म्हाताऱ्याचे पाय कापतात अन् दोष गाडीले!"

"पिऊन होता हे कोणी पाहिलं?"

"पाहाले कायले पाहिजे? ड्रायव्हर आहे तो."

अशा माणसाला पुरावा लागत नाही, फक्त गरीब माणूस लागतो.

जीप चैतराम मिस्त्रीच्या गॅरेजात उभी होती. "माझ्या हातून काई नाही बिघडलं," तो म्हणाला. "डिस्क बसवताना चाकाचा हब घासून साफ केला, नट समोरासमोर सारखे कसले."

"थरथरते म्हटल्यावर तपासली का नाही?"

"मालक नाही म्हणला. त्याले रोजची फेरी पाहिजे." चैतरामनं मान खाली घातली. "अॅक्सिडेंटच्या दुसऱ्या दिवशी प्रेमलाल आलता. त्या पुढच्या डाव्या चाकापाशी लय वेळ बसला. मंग काई न बोलता गेला."

दीपिका त्याच चाकापाशी वाकली. रिमवर पांढरे वाळलेले ओघळ होते. उजव्या चाकावर नुसती धूळ होती.

"धुतली असेल," डोमाजी म्हणाले.

"एकच चाक, मामा?"

प्रेमलालचं घर घाटाच्या पायथ्याशी होतं, उतरताना डाव्या हाताला, अगदी रस्त्याला लागून. रोज घाट उतरला की जीप दाराशी थांबे; प्रवासी समोरच्या टपरीवर चहा घेत आणि प्रेमलाल घरात जेवून घेई. गोदाबाईनं दोघांना दारातच थांबवलं आणि तांब्यानं पायांवर पाणी घातलं.

"राहू द्या हो," डोमाजी संकोचले.

"नाही जी. बैलं होते तवापासूनचं आहे. घाट उतरून आले की पहिले त्यायच्या खुरावर पाणी, मंग मानसाच्या पायावर."

हातपंपाचं पाणी जड, क्षारांचं होतं. पायरीच्या दगडावर पांढरे थर बसले होते.

अंगणात प्रेमलाल पायानं चालवायच्या शिलाई मशीनवर धान्याची पोती शिवत होता. काम गेल्यावर हेच मिळालं होतं. "मी पेलो नोतो," तो मान वर न करता म्हणाला. "पण पाय माह्याच कापला. लिहून घ्या."

"पहिले तं ब्रेक म्हनत होते ना तुमी?" गोदाबाई म्हणाली. त्यानं पुढचं पोतं मशीनवर ओढलं.

बाहेर येताच डोमाजी म्हणाले, "कबूल झाला. संपलं."

"पोत्याची टीप पाहिलीत? दोरी धरल्यासारखी सरळ. कापऱ्या पायाची नव्हे ती."

रविवारी सकाळी सगळे गॅरेजात जमले. चैतरामनं चाकं काढली आणि वाकडेपणा मोजायचा डायल गेज लावून उजवी डिस्क फिरवली. काटा जागचा हलला नाही. डाव्या डिस्कला तो दर फेऱ्याला पुढेमागे जाऊ लागला.

"डिस्क वाकडी झाली," दीपिका म्हणाली. "उंच भाग ब्रेकच्या पॅडखाली आला की पॅडला मागे रेटतो. तोच धक्का पेडलला, तोच हँडलला. नट सारखे, हब साफ, म्हणजे बसवण्यात चूक नाही. मग नवी डिस्क एकीकडेच का वाकावी? घाट उतरून ती तव्यासारखी तापायची आणि रोज तिच्यावर थंड पाणी पडायचं. दाराकडच्या चाकावर. ओघळ हातपंपाच्या जड पाण्याचे आहेत."

गोदाबाईचा हात तोंडाशी गेला. "बैलं गेले," ती हळूच म्हणाली. "मंग हे जेवाले बसले की मी जीपच्या चाकालेच पाणी घालाले लागली. तेही थकूनच येते म्हनून."

"प्रेमलाल यांनी ते ओघळ ओळखले," दीपिका म्हणाली. "त्या दिवसापासून ब्रेकचा दोष यांनी आपल्या पायावर घेतला."

वीरेंद्र हसला. "म्हणजे चूक यांच्या घरचीच."

"तीनदा सांगूनही तुम्ही तपासू दिली नाही. दारूचा अर्ज दिलात तर चैतराम ते लिहून देईल." चैतरामनं मान हलवली.

अर्ज फाटला. प्रेमलालला नोकरी मात्र परत मिळाली नाही. नवा ड्रायव्हर ठेवलाय, असं वीरेंद्र म्हणाला. ही डिस्क लेथवर घासून भागणार नाही, बदलावी लागेल, असं चैतराम म्हणाला.

परतताना दीपिकाच्या गाडीत गोदाबाईनं नवऱ्याला विचारलं, "काहून नाही सांगतलं मले?"

"त्या बाईचा मोडला हात तुह्या माथ्यावर कायले देऊ?" प्रेमलाल म्हणाला.

दीपिकाला वाटलं, ही केस आपण हरलो असतो तर बरं झालं असतं.

दारात प्रेमलाल सवयीनं पाय पुढे करून थांबला. गोदाबाईनं भरलेला तांब्या आणला आणि खाली पायरीवर ठेवला.

"माह्या हातानं आता नाही. तुमचं तुमीच घ्या," ती म्हणाली आणि आत गेली.