पंखा पुन्हा खडखडतोय

"पंखा पुन्हा खडखडतोय," मावशी म्हणाली. "जा रे दोघं, आजोबांकडे देऊन या."

"परवाच तर आणला ना?" चष्मिस म्हणाली. ती सुट्टीसाठी मावशीकडे आली होती. मावसभाऊ ढब्बू सोडला तर इथे तिच्याशी बोलायला कुणी नव्हतं, आणि ढब्बूचं निम्मं बोलणं खाण्याबद्दल असायचं. सुट्टी नुसती खायला उठली होती.

दुरुस्तीवाले आजोबा गल्लीच्या टोकाला एकटेच राहायचे. पुढच्या खोलीत टेबल, त्यावर दिवा आणि समोर गिऱ्हाइकासाठी एकच खुर्ची. पंखा बघून ते खुलले.

"बसा, चहा टाकतो. दुसऱ्या खेपेचे पैसे नाहीत हं."

परतताना फाटकाशी सोसायटीचे सेक्रेटरीकाका भेटले. कुणाच्या दारात कोण येतं-जातं हे बघण्यात काकांचा दिवस मजेत जायचा.

"ही राहती गल्ली आहे," काका म्हणाले. "घरात बसून आपापलं काम करा, नियम आड येत नाही. पण गिऱ्हाइकांची रीघ लागली की ते दुकान झालं. मी तक्रार केलीय. गुरुवारी नगरपालिकेच्या बाई येतायत. त्यांना रीघ दिसली की काम बंद."

"मग आजोबा दिवसभर काय करणार?" चष्मिसने विचारलं.

"ते मला काय ठाऊक?" काका म्हणाले आणि चालू लागले.

रिकामा दिवस कसा असतो, हे चष्मिसला चांगलं ठाऊक होतं.

"पण रीघ कुठली रे?" ती ढब्बूला म्हणाली. "तीच चार माणसं तर पुन्हा पुन्हा येतात."

पंखा दुरुस्त होऊन आला, तेव्हा तिने तो उलटासुलटा करून पाहिला. सगळे स्क्रू घट्ट, जाळीचा एक तेवढा सैल. शेजारच्या काकूंच्या रेडिओलाही एक सैल. समोरच्या मास्तरांच्या घड्याळालाही.

"हात थकले असतील बिचाऱ्यांचे," ढब्बू म्हणाला.

"मग आपण आवळू या. काहीच बिघडलं नाही तर कुणी येणार नाही!"

स्क्रूड्रायव्हर घेऊन दोघं घरोघरी फिरली. मास्तरांकडे ढब्बूला लाडू मिळाला, त्यामुळे त्याचा उत्साह टिकला.

गुरुवारी बाई आल्या आणि काकांच्या ओट्यावर बसून आजोबांच्या दाराकडे बघत राहिल्या. एक चिटपाखरू फिरकलं नाही.

"रोज रीघ असते हो," काका घाम पुसत म्हणाले.

बाई उठल्या, आजोबांची खोली आतून पाहून आल्या. "पाटी नाही, नोकर नाही, गर्दी नाही. माझी सकाळ फुकट गेली. आणि नियम गिऱ्हाइकांसाठी आहे, पाहुणे किती का येईनात."

"त्यांच्याकडे कोण येणार पाहुणा?" काका पुटपुटले. ते चष्मिसला चांगलंच झोंबलं.

मावशीला सगळं कळलं तेव्हा तिने दोघांची पाठ थोपटली. "शाबास! आख्ख्या गल्लीला जमलं नाही ते तुम्ही केलंत."

दोघं धावत आजोबांकडे गेली. खुर्ची रिकामी होती. टेबलावर दोन कप होते, दुसऱ्यातला चहा तसाच गार झाला होता.

"आज कुणीच आलं नाही," आजोबा म्हणाले.

ढब्बूने फुशारकीने सगळं सांगून टाकलं.

"काम वाचवलंत पोरांनो," आजोबा म्हणाले. "पण माझे हात थकलेले नाहीत." ते कपाकडे बघत होते. "काम चोख केलं की माणूस वस्तू घेऊन जातो आणि परत येत नाही. म्हणून एक सैल ठेवायचो. चूकच ती."

चष्मिसला रडू आलं आणि ती घरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांच्या दारावर टकटक झाली. दारात चष्मिस होती. मागे ढब्बू मावशीचं स्टूल डोक्यावर घेऊन उभा होता, आणि त्याच्यामागून काकू आणि मास्तर येत होते.

आजोबांनी चष्मा लावून स्टूल निरखलं. "याचा पाय मोडलाय का?"

"नाही आजोबा," चष्मिस म्हणाली, "तुमच्याकडे खुर्ची एकच आहे ना, म्हणून बसायला आणलंय."

आजोबा आत चहा टाकायला गेले. आतून त्यांचा आवाज आला, "साखर किती घालू, ते सांगा एकेक जण."