कोरडी नोंद

तिने आकडा सांगायच्या आधीच काकांनी तो परत म्हणून दाखवला. तिथून सगळं सुरू झालं.

तसं पाहिलं तर एवढंसंच. दुपारी बाराची नोंद. तिने वॉकीटॉकीच्या बटणावर बोट ठेवलं, अजून दाबलंही नव्हतं, तेवढ्यात खरखरीतून आवाज आला, "सत्तेचाळीस नव्वद. लिहिलं."

तिने हातातल्या टेपकडे पाहिलं. सत्तेचाळीस मीटर नव्वद. अगदी बरोबर.

बोलून गेलो असू आपणच, तिने स्वतःची समजूत घातली. दचकणं तर तिच्या पाचवीलाच पुजलेलं. पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करून तिने भूजल खात्यातली नोकरी धरली, तेव्हा ताई पोट धरून हसली होती. "दाराची कडी वाजली तरी माझ्या पांघरुणात शिरते, आणि ही म्हणे माळावर एकटी बसून देशाचं पाणी राखणार!" मावशीला तर अजूनही वाटायचं, की भाची सरकारी झाडं लावते.

काम कागदावर साधं होतं. दोन किलोमीटरवर बाटलीबंद पाण्याचा कारखाना, आणि त्याचा अजस्र पंप चाचणीसाठी सकाळी सहापासून चालू. पंपाशी मोठं रजिस्टर घेऊन खात्यातले सगळ्यात जुने तंत्रज्ञ बसलेले. त्यांना सगळे मीटरकाका म्हणत. इकडे पत्र्याच्या खोलीत, निरीक्षणाच्या बोअरपाशी, ती. दर अर्ध्या तासाने बोअरच्या पाइपात टेप सोडायची. टेपचं टोक पाण्याला टेकलं की रिळावरचा भोंगा पीं करून वाजतो. पाणी किती खोल गेलं तो आकडा काकांना सांगायचा, काका तो परत म्हणून रजिस्टरात उतरवणार. संध्याकाळी सहाला रजिस्टर सीलबंद.

पाणी एका जागी स्थिरावलं, तर कारखान्याला तीस वर्षांची परवानगी. उतरतच राहिलं, तर नाही. खाली उतारावरचं सगळं गाव याच पाण्यावर जगत होतं. गेल्या वर्षी कुणीतरी कंटाळून, टेप पाण्याला न टेकवताच, एक आकडा अंदाजाने ठोकून दिला होता. खात्यात त्याला कोरडी नोंद म्हणतात. कारखान्याच्या वकिलाने नेमकी तीच धरली आणि सगळी चाचणी पाण्यात गेली.

"पोरी, जीव गेला तरी चालेल, पण कोरडी नोंद चालणार नाही," सकाळी जीपमधून तिला उतरवताना काका म्हणाले होते. "आणि जीवही नको जाऊ देऊस. मला तीन प्रतींत फॉर्म भरावे लागतात."

साडेबाराला टेप अजून खाली जात होती, तेव्हाच आवाज आला. "अठ्ठेचाळीस ऐंशी."

भोंगा वाजला. अठ्ठेचाळीस ऐंशी.

"काका... तुम्हाला कसं कळलं?"

थोडी खरखर. मग शांतपणे, "लिहिलं."

तेव्हा तिच्या लक्षात आलं. सकाळपासून काका बोलले की मागे पंपाची धडधड ऐकू यायची, त्यांना ओरडावं लागायचं. आता मागे काहीच नव्हतं. कुणीतरी चारी बाजूंनी बंद अशा, ओल्या जागेत बसून बोलावं तसा आवाज.

बाहेर ऊन नुसतं रणरणत होतं. पत्रा मधूनच कटकन वाजायचा आणि प्रत्येक वेळी ती दाराकडे वळून बघायची. एक वाजता तिने रिळाला हातही लावला नव्हता. "एकोणपन्नास सत्तर," आवाज म्हणाला. तिने टेप सोडली. एकोणपन्नास सत्तर.

आणखी एक. पाणी उतरताना बोअर हवा आत ओढतं. सकाळी तिने गंमत म्हणून पाइपाच्या तोंडावर कागद धरला होता, तो घट्ट चिकटला होता. आता तोच कागद फडफडत होता. पाइपातून हवा बाहेर येत होती. बर्फासारखी गार, गंजलेल्या लोखंडाच्या आणि कधीच ऊन न पाहिलेल्या मातीच्या वासाची.

दीड वाजला.

"एकोणपन्नास सत्तर," आवाज म्हणाला. "स्थिरावलं बघ पाणी... टेप कशाला सोडतेस... किती दमलीस... लिही."

पेन तिच्या हातातच होतं. तीनदा आकडा खरा निघाला होता. शिवाय आवाजात इतकी माया होती की क्षणभर पेनाचं टोक कागदाला टेकलंसुद्धा.

मग तिला वाटलं, काका आणि माया? सहा महिन्यांत एकदाही 'दमलीस का' म्हणून विचारलं नाही या माणसाने.

तिने पेन खाली ठेवलं आणि टेप सोडली.

एकोणपन्नास सत्तर. भोंगा गप्प. पन्नास. गप्पच.

"नको..." आवाज कुजबुजला.

एकावन्नाच्या जवळ टेप ताठ झाली. खाली कुणीतरी ती दोन बोटांच्या चिमटीत हलकेच धरली होती. टेपचा एक वेढा तिने मनगटावर घेतला, दुसऱ्या हाताने पाइप धरला आणि तशीच उभी राहिली. तू धर. मीही धरते. बघू कोण आधी सोडतं.

किती वेळ गेला कोण जाणे. टेप सैल झाली.

पीं.

एकावन्न तीस. तिने आकडा इतका दाबून लिहिला की खालच्या पानावरही तो उमटला.

"खोड ते... पोरी, खोड..."

तिने वॉकीटॉकी उपडा केला आणि बॅटरी उपसून टेबलावर ठेवली. आवाज थांबला नाही. तो आता पाइपातून येत होता. "खोड... खोड..." म्हणता म्हणता तो बारीक होत गेला, कोवळा होत गेला, आणि मग एकदम गप्प झाला.

पळून जावंसं वाटलं तरी सोय नव्हती. दोनच्या नोंदीला वीस मिनिटं उरली होती. पाइपावरची नजर न काढता तिने मोबाइलवर काकांचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. चौथ्यांदा. सातव्यांदा. "उचला ना काका..." पाठीवरून घामाचा गार ओघळ उतरला. दोन वाजायला अकरा मिनिटं. तिने पुन्हा लावला.

फोन उचलला गेला. मागे पंपाची धडधड. ती ऐकून तिला रडूच कोसळणार होतं, पण तिने आधी आकडा सांगितला.

"काका, दीडची नोंद एकावन्न तीस! टेप ओली करून सांगतेय. दुसरा कुठला आकडा आला असेल तर लिहू नका!"

पलीकडून काकांचा आवाज आला, दबलेला, फोनच्या अगदी जवळ.

"अगं... तू तर वॉकीटॉकीवर आहेस. आत्ता, या क्षणाला बोलतेयस. एकोणपन्नास सत्तर लिहा म्हणतेस... आणि म्हणतेस, मोबाइल वाजतोय तो उचलू नका..."