आईच्या कानातला थेंब

बाबांच्या खात्यावर घरातलं एकच काम जमा होतं: आईच्या कानातल्या यंत्राचा सेल बदलणं. तेही असा थाट करून, जणू घड्याळांचा कारखाना चालवतायत. चष्मा कपाळावर, जीभ दातांत, आणि आम्ही भावंडांनी श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा.

ते गेले आणि आई गप्प झाली. शर्टाच्या बटणाहून लहान तो सेल तिच्या वाकड्या बोटांत ठरेना. आम्ही पुढे झालो की मान फिरवायची. "त्यांचं काम तुम्ही नका करू."

ताई प्रयोगशाळेत साखरेवर चालणारे इवलेसे सेल बनवते. कार्बनच्या पट्टीवर एन्झाइमचा लेप. त्यावर ग्लुकोजच्या पाण्याचा थेंब टाकला की लेप तो पचवतो आणि वीज निघते. तिनं आईला कागदावर लिहून दाखवलं, 'बदलायचं काही नाही. फक्त पाजायचं.' आई कशीबशी तयार झाली.

"लेप टिकतो किती?" मी विचारलं.

"आठवडाभर. मग एन्झाइम मरतं."

"म्हणजे पुन्हा बदलाबदली?"

"तुझं आपलं नेहमीचंच. लग्नाआधी घटस्फोटाचा हिशोब."

यंत्र कानात बसलं आणि आई हसली. बाबांनंतर पहिल्यांदा. ताईनं विजयी मुद्रेनं माझ्याकडे पाहिलं. आई हसली तोवर आम्ही दोघंही काही बोललो नव्हतो, हे ताईच्या लक्षात आलं नाही.

मग एका दुपारी आई आतल्या रिकाम्या खोलीकडे बघून ओरडली, "अरे, वेणी सोड तिची!" दुसऱ्या दिवशी म्हणाली, शिलाई मशीन करकरतंय, तेल घाला. मशीन विकून जमाना झाला होता. "धाकट्याचा खोकला वाढलाय," असं तिनं ताईला सांगितलं, तेव्हा धाकटा, म्हणजे टक्कल पडलेला मी, समोरच उभा होतो.

वय झालं, असं आम्ही एकमेकांना समजावलं. खरं तर मला हेवा वाटत होता. ते मशीन, ती आमची लहानपणची भांडणं, मलाही ऐकायची होती.

आठवडा कधीच उलटला. थेंब पाजायचंही राहून गेलं. शेवटी ताईनं यंत्र उघडलं. लेप पापुद्र्यासारखा सुटून तिच्या नखाला चिकटला. सेलला चिमटे लावून तिनं मीटर पाहिला. काटा हललाच नाही.

"हा कधीचा मेलाय," ती हळूच म्हणाली.

आईनं हात पुढे केला. तिचं समाधान म्हणून ताईनं रिकामं यंत्रच कानात बसवलं. सेल टेबलावर, चिमट्यांत तसाच होता.

मी आईसमोर बसलो. तिचा हात धरला.

"आई, मी आहे गं. ऐकू येतंय?"

तिनं मान वळवली. आतल्या खोलीकडे.

"काय रे? बाहेर कोण बोलतंय म्हणतोस?"

मग तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. नीट पाहिलं. आणि हात हलकेच सोडवून घेतला.

"कोणी नाही, बाळा," ती आत बघून म्हणाली. "झोप तू."