समाधानच्या भाषणाचं तिसरं पान

"माझं भाषण चोरलंय," समाधान म्हणाला. "सगळं नाही. एकच पान."

अबू धाबीच्या मुसफ्फात साजिदा पारकरचं टायपिंग सेंटर होतं. पाटीवर व्हिसा आणि तर्जुमा, म्हणजे भाषांतर. शोधाशोध पाटीवर नव्हती, पण लोक त्यासाठीही यायचे. समाधान रुवैसच्या साइटवर स्कॅफोल्डिंग, म्हणजे परांच्या बांधायचा. त्याचा फोरमन आणि जिवलग मित्र धनंजय, त्याचं आज चार वाजता मोहम्मद बिन झायद सिटीत रिसेप्शन होतं. नवऱ्याच्या मित्रानं ग्लास उचलून भाषण करायचं, ही फॅशन आता आपल्या लोकांतही आली आहे. ग्लासात डाळिंबाचा ज्यूस, बाकी थाट साहेबी.

"दुसरं लिही की," अन्वर म्हणाला. हा साजिदाचा दीर. गाडी चालवायचा आणि कशावरही सोपा उपाय सांगायचा.

"तीन आठवडे लागले लिहायला. कागद हातात नसला तर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही."

"काय होतं त्या पानावर?" साजिदानं विचारलं.

"चांगलं तेच होतं, ताई. दोन वर्षांपूर्वीचा जुलै. ब्रेकची शिट्टी झाली, उन्हाळ्यात दुपारी उन्हात कामाला बंदी असते ना, सगळे सावलीत गेले. पण आमचा धनंजय काम अर्धं सोडणारा नाही. म्हणाला, एवढे जॉइंट आवळा, मग जेवा. आम्हा दोघांना घेऊन वर थांबला. मला चक्कर आली, तर ह्या माणसानं पाठीवर घेऊन मला चार मजले उतरवलं. ह्याच्यावर टाळ्या पडणार होत्या."

"दुसरा कोण?"

"भिवा. नवरीचा भाऊ. त्याच दिवशी वरून पडून गेला. लग्नात कशाला, म्हणून नाव घातलं नाही. मी दवाखान्यात होतो, पुढचं मला काही माहीत नाही."

साजिदाचे हात कीबोर्डवर थांबले. अपघाताचे रिपोर्ट इंग्रजीत लिहितात; मरणारे मराठीत, तेलुगूत, बंगालीत मरतात. भिवाच्या रिपोर्टचा मराठी तर्जुमा तिनंच टाइप केला होता. भिवाची बहीण संजना तो घेऊन गेली होती. त्यातलं एक वाक्य साजिदाला पाठ होतं: कामगार दुपारच्या बंदीच्या वेळेत, कोणी सांगितलेलं नसताना, एकटा वर गेला. खाली सही फोरमनची.

"पानं कुठे होती?"

"कोटाच्या खिशात. कोट संजना राहते तिथे, तिच्या मामेबहिणीकडे, ममताकडे इस्त्रीला दिला होता. सकाळी धनंजयनं आणून दिला. उघडून बघतो तर चारातलं एक नाही."

गाडीत अन्वर म्हणाला, "भाभी, खलास. चोर धनंजय. सही त्याचीच आहे."

"बघू. सगळ्यांना एवढंच सांगायचं की भाषण हरवलं. पानाचं नाव काढायचं नाही."

धनंजय हॉलमध्ये माइक तपासत होता.

"हरवलं? मग न बघता बोलेल. समाधान माझ्या शब्दाबाहेर नाही. दोन मिनिटं बोल म्हटलं की दोनच बोलेल. त्याची रूम, त्याची ड्यूटी, सगळं मी लावलंय."

"तू वाचलं होतंस?"

"सरप्राइज आहे ना ते? यल्ला, चला, मला घाई आहे."

ममता तिच्या फ्लॅटमध्ये मुलीच्या मागे परकर घेऊन धावत होती. "ममा, आय ॲम नॉट वेअरिंग धिस," मुलगी म्हणाली.

"खिसे रिकामे केले, कागद टेबलवर ठेवले," ममता म्हणाली. "इस्त्री झाली, परत खिशात घातले. वाचते कुठली? मला व्हॉट्सॲप बघायला वेळ नाही. संजना होती तिथे चहा पीत. तिला विचारा."

आतल्या खोलीत संजना शालू नेसून बसली होती.

"भाषण हरवलं म्हणे," साजिदा म्हणाली.

"असू दे. समाधानदादाला सांगा, उरलेली तीन पानंही पुष्कळ आहेत."

साजिदानं समाधानला फोन करून बोलावून घेतलं. तो आल्यावर दार लावलं.

"अन्वर, तुझा चोर धनंजय. पण फोरमनला चोरी कशाला करावी लागते? 'हे बोलू नको' एवढं म्हटलं की समाधान गप्प. चोरी तो करतो, ज्याला हुकूम सोडता येत नाही. ममतानं पान वाचलं असतं तरी तिला त्यात दोस्तीच दिसली असती. त्या पानानं काय उघडं पडतं, ते रिपोर्ट वाचलेल्यालाच कळणार. तो ह्या घरात एकीनंच वाचलाय. आणि पानं किती उरली, हे आम्ही कोणालाच सांगितलं नव्हतं, संजना."

संजनानं पर्समधून घडी काढून पलंगावर ठेवली.

"कसला रिपोर्ट?" समाधाननं विचारलं.

साजिदानं ते वाक्य म्हणून दाखवलं.

समाधान खाली बसला. "एकटा? अहो, भिवा म्हणत होता, भूक लागलीय, जाऊ या. धनंजयनं थांबवलं त्याला." तो उठला. "मी सांगतो. माइकवर सांगतो."

"सांग," संजना म्हणाली. "मग? तुझा व्हिसा जाईल. धनंजय आत जाईल. आईनं भिवाच्या जागी त्याला धरलंय, रोज त्याच्याशी बोलल्याशिवाय जेवत नाही. तिचा मुलगा दुसऱ्यांदा मारू?"

"आणि तू? अशा माणसाबरोबर राहशील?"

"मला आज सकाळी कळलं, दादा. लग्नाच्या सह्या परवाच झाल्या."

अन्वरनं आयुष्यात पहिल्यांदा उपाय सांगितला नाही.

"पोलिसांकडे मी येते तुझ्याबरोबर," साजिदा म्हणाली. "पण बोलायचं तुला. कागद नसताना."

समाधाननं पलंगावरची घडी उचलून संजनाच्या हातात परत दिली. त्याच्या घरी पाच माणसं त्याच्या कामावर जेवत होती. साजिदाला उत्तर कळलं. तर्जुमा टाइप करताना तिनंही कुठे काही विचारलं होतं?

चार वाजता समाधान तीन पानं बोलला. लोक हसले. इतकं छान भाषण कोणी केलं नव्हतं, असं सगळे म्हणाले. मोठ्या स्क्रीनवर गावाहून मुक्ताबाई, संजनाची आई, डोळे पुसत होत्या.

"समाधान," त्या म्हणाल्या, "तू माझ्या भिवाबरोबर होतास ना? त्याचंही दोन शब्द बोल की."

धनंजयनं समाधानकडे पाहिलं. संजनानं पाहिलं नाही.

"चांगला होता, आई."

"पण ऐकायचा नाही ना रे कुणाचं? म्हणूनच गेला ना?"

समाधाननं हातातल्या तीन पानांची घडी घातली.

"हो, आई," समाधान म्हणाला. "कुणाचंच ऐकायचा नाही."

धनंजयनं पुढे होऊन त्याला घट्ट मिठी मारली, आणि टाळ्या पडल्या.