सक्करदऱ्याच्या ओट्यावरची शिकवणी

नागपूरच्या मे महिन्यात भर दुपारी रस्त्यावर सहसा माणूस दिसत नाही. दिसलाच, तर त्याच्याकडे दोनदा नीट बघून घ्यावं, असं तिथली जुनी माणसं सांगतात. वेन लार्सनला हे कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी त्याला कळलं नसतं. त्याला तेव्हा मराठीतलं 'पाणी', 'नमस्कार' आणि 'माफ करा' एवढंच येत होतं.

गोष्ट चौऱ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यातली. लार्सन अमेरिकेतल्या आयडाहोचा, बटाट्याची शेती करणाऱ्या घरातला. वय एकोणीस. मॉर्मन पंथातली तरुण मुलं दोन वर्षं घरदार सोडून धर्माच्या कामासाठी लांब जातात, तसा तो आला होता. पांढरा शर्ट, काळी टाय, छातीवर नावाची पट्टी. अशी मुलं एकटी कधी राहत नाहीत, जोडीदार सतत नजरेसमोर लागतो. लार्सनचा जोडीदार पॉलराज, कोइमतूरचा. शांत, सावळा, आणि मराठीच्या बाबतीत लार्सनइतकाच कोरा. दोघं आपसात इंग्रजीतच बोलत.

धंतोलीत कुसुमताईंच्या घरी माडीवरची खोली त्यांनी भाड्यानं घेतली होती. कुसुमताई मूळच्या कळमेश्वरकडच्या, शेतकऱ्याची लेक. बाई तोंडाच्या फटकळ, पण हाताच्या सढळ. ही पोरं धर्मापायी चहाला शिवत नाहीत हे कळल्यावर त्यांना आधी राग आला. मग त्या रोज दुपारी पन्हं करून वर पाठवू लागल्या. लार्सनच्या छातीवरच्या पट्टीवर 'एल्डर' लिहिलेलं होतं. एल्डर म्हणजे वडीलधारा हे समजल्यावर त्या पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. "एवढंसं पोरगं, अन् म्हने वडीलधारा!"

त्या दिवशी काम साधं होतं. कूलरची खस, म्हणजे वाळ्याचं गवत, कुजली होती आणि सक्करदऱ्याला एका दुकानात ती चांगली मिळे. कुसुमताईंनी पॉलराजला मोडक्या हिंदीत पत्ता समजावला, आणि दोघं सायकली घेऊन निघाले. पोहोचेपर्यंत दुकानाचं शटर खाली आलेलं. लू अशी वाहत होती की सायकलची दांडी हाताला पोळत होती. पॉलराज तिथल्या तलावाकाठच्या एका कडुनिंबाखाली मटकन बसला. पलीकडेच कवेलूच्या छपराचं एक बैठं घर होतं. ओट्यावर सावली होती. लार्सन पाणी मागायला गेला.

दार थोडंसं उघडं होतं. आत अंधार. बाहेरच्या उन्हानं डोळे इतके दिपले होते की तो अंधार एखाद्या कापडासारखा चौकटीत टांगल्यासारखा वाटला. आतून ओल्या मातीचा आणि बंद पेटीतल्या लुगड्यांचा वास आला.

"कोन हाय गा?"

बाईचा आवाज. ना तरुण, ना म्हातारा.

"पाणी," लार्सन म्हणाला.

"पानी पाह्यजे म्हन. नुसतं पानी काहून म्हनतं?"

त्याला शब्द कळले नाहीत, पण ती चूक सुधारते आहे हे कळलं. त्यानं ते पुन्हा म्हटलं. आतून हसू आलं, आणि उंबऱ्यावर पाण्याचा लोटा सरकला. हिरव्या बांगड्यांचा एक हात तेवढा दिसला. घरात एकटी बाई असेल तर आत पाऊल टाकायचं नाही, असा त्यांचा नियमच होता. तो ओट्यावर बसून राहिला, ती दाराआड. ती एकेका वस्तूचं नाव घ्यायची, तो मागून म्हणायचा. वाक्य संपलं की ती एक बारीकसा श्वास आत ओढायची, गरम घास जिभेला लागल्यासारखा.

भाषा यावी म्हणून लार्सन कित्येक दिवस गुडघे टेकून प्रार्थना करत होता. धर्मकार्याला निघालेल्याला परक्या भाषेचं दान मिळतं, असं त्याला लहानपणापासून शिकवलेलं. खोलीवर शब्दांच्या लांबलचक याद्या घोकून जे डोक्यात शिरत नव्हतं, ते त्या ओट्यावर आपोआप शिरलं. त्याला वाटलं, हेच ते दान.

मग तो जातच राहिला. दुपारची वेळ तशीही रिकामी जायची. त्या उन्हात कोणाचं दार ठोठावणार? पॉलराज कडुनिंबाखाली टोपी तोंडावर घेऊन पडायचा. तिथून ओटा दिसायचा, दार मात्र भिंतीच्या आडोशाला होतं.

जूनच्या तोंडाशी लार्सन चक्क बोलू लागला. एकदा कुसुमताईंनी जिन्यातून हाक मारली, तर वरून उत्तर आलं, "येऊन राहिली नं, थांब जराशी!"

कुसुमताई हसून हसून बेजार झाल्या. "अवं बाई! बाईवानी काहून बोलून राहिला रे तू? येऊन राहिलो म्हन. कोनं शिकवलं तुले?"

"सक्करदऱ्याची एक बाई शिकवते मले," लार्सन म्हणाला. बोलून झाल्यावर त्यानं बारीकसा श्वास आत ओढला. ती लकबही भाषेचाच भाग असावी, असं तो समजला होता.

कुसुमताईंना एवढंच नवल वाटलं, की आजकाल कोणी बोलत नाही असे जुने शब्द या गोऱ्या पोराच्या तोंडी आहेत.

त्याच सुमारास शिकवणी बदलली. ओट्यावरच्या बाईनं नवे शब्द देणं बंद केलं. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणवून घेऊ लागली.

"राघू, चाल. ताट वाढलं. मी जेवाची थांबली."

तो म्हणायचा. ती म्हणायची, "असं नाही. लाडानं म्हन." तो पुन्हा म्हणायचा. घसा कोरडा पडायचा, पण ती सोडायची नाही.

"राघू कोन हाय?" त्यानं एकदा विचारलं.

"भेटन तुले," आवाज म्हणाला. "भेटला का, त्याले एवढंच सांगजो."

लार्सनला भीती वाटली नाही. त्याला कुतूहल वाटलं. एका वाक्यासाठी एवढी मेहनत? त्या दिवशी तो परतताना सायकलवर ते वाक्य पुटपुटत होता. पॉलराज त्याच्याकडे बघत राहिला.

आठवड्याभरात कुसुमताईंचे वडील, दादाजी, कळमेश्वरकडच्या गावाहून आले. पोटात गाठ होती. धंतोलीतल्या एका दवाखान्यात ऑपरेशन ठरलं होतं. उंच, वाळलेला, मोठ्या मिशांचा म्हातारा. तो गच्चीखालच्या बाजेवर पडून असायचा आणि कोणाशी बोलायचा नाही. ऑपरेशनची भीती वाटते हेही तो कबूल करायचा नाही.

लार्सन त्याच्यापाशी जाऊन बसला. "राम राम दादाजी. कसं वाटून राहिलं? पानी देऊ का तुमाले?"

आणि त्यानं श्वास आत ओढला.

म्हाताऱ्यानं मान वळवली. बराच वेळ तो लार्सनच्या तोंडाकडे बघत होता, जणू त्या तोंडामागे आणखी कोणी उभं होतं.

"पुन्हा बोल," तो म्हणाला. "काहीबी बोल."

"काय बोलू, दादाजी?"

"हा श्वास... असं माही बहीन करे. देवकी. दुसरं कोनीच नाही करे... तू कुठं आयकलं हे?"

कुसुमताई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. लार्सननं सगळं सांगितलं. तलाव, कडुनिंब, कवेलूचं घर, हिरव्या बांगड्या. तो सांगत गेला तसा कुसुमताईंचा चेहरा उतरत गेला.

"ते आत्याचं घर व्हय," त्या हळूच म्हणाल्या. "पन आत्या तर माह्या जन्माच्या आंधी गेली, पटकीत. त्या घरात आता कोनी नाही राहत रे. कुलूप हाय त्याले."

दादाजी मात्र घाबरला नव्हता. त्याच्या डोळ्यांत लहान पोरासारखी आशा आली होती. "माय लहानपनीच मेली माही. मले तिनंच वाढवलं. मी खेळाले गेलो का माझ्यासाठी उपाशी राहे. राघू म्हने मले..."

राघू. लार्सन उठू लागला.

"तिनं काही सांगतलं का माझ्यासाठी?" म्हाताऱ्यानं त्याचं मनगट धरलं. पकड आजारी माणसाची नव्हती. "सांग नं गा. सांगतलं का काही?"

वाक्य लार्सनच्या जिभेवर आलंच होतं. इतक्या वेळा घोटलेलं, ते स्वतःच बाहेर पडू बघत होतं. निरोप पोहोचवायलाच तर तो सातासमुद्रापलीकडून आला होता. घरोघरी जाऊन दुसरं काय करत होता तो? पण म्हाताऱ्याचा चेहरा बघून त्याला कळलं. हा माणूस ते वाक्य ऐकेल, सुखानं डोळे मिटेल आणि जेवायला निघून जाईल.

"नाही," तो म्हणाला. "काही नाही सांगतलं."

आयुष्यात तो जाणूनबुजून पहिल्यांदाच खोटं बोलला होता. दादाजीनं मनगट सोडलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी दादाजीला ऑपरेशनसाठी आत घेतलं, आणि लार्सन पॉलराजला घेऊन सक्करदऱ्याला गेला. या वेळी पॉलराजही ओट्यापर्यंत आला. दाराला कुलूप होतं, गंजून कडीशी एकजीव झालेलं. फटींत कोळ्यांची जाळी.

"पण मी इथंच पाणी प्यायचो," लार्सन म्हणाला. "तू बघितलंस ना?"

पॉलराज ओशाळल्यासारखा झाला. "तू दोन्ही हात तोंडापाशी न्यायचास. मला वाटायचं, प्रार्थना करतोस."

"आणि तिचा आवाज?"

"आवाज तुझाच होता, वेन. प्रश्नही तूच विचारायचास आणि उत्तरंही तूच द्यायचास... जरा बारीक आवाजात. मला वाटलं, सराव करतोयस."

तलावावरून वाऱ्याची एक गरम झुळूक आली आणि थांबली. निंबाचं पानही हलेना. लार्सन कुलपासमोर उभा होता. फटीतून तोच वास आला, ओल्या मातीचा आणि लुगड्यांचा. आणि अगदी दारालगत, त्याच्या छातीच्या उंचीवरून, आवाज आला.

"सांगतलं का गा?"

पॉलराजनं काही ऐकल्याचं दिसलं नाही. तो लार्सनच्या ओठांकडे बघत होता. लार्सननं ओठ घट्ट मिटले होते.

"सांगतलं का... राघूले?"

त्यानं मान हलवली. मग बोलायला हवं हे त्याच्या लक्षात आलं. तिनं शिकवलेली भाषा वापरायची नाही असं ठरवून, एकेक शब्द पारखून, त्यानं कुसुमताईंनी सुधारलेलं रूप घेतलं.

"मी चाललो," तो म्हणाला.

आत बांगड्यांचा आवाज आला, कोणी हात आवरून घ्यावा तसा.

दादाजी ऑपरेशनमधून वाचला. महिनाभरानं तो गावी परतला, आणि पुढं तीन पावसाळे त्यानं स्वतःच्या संत्र्याची राखण केली. जाताना तो लार्सनशी बोलला नाही. फाटकापाशी त्यानं वळून एकदा बघितलं. त्या नजरेत आभार नव्हते. लार्सनला पुढं कितीतरी रात्री ती नजर आठवत राहिली. त्याची मराठी मात्र त्या दुपारनंतर अडखळू लागली आणि हळूहळू चारचौघा परदेशी माणसांसारखी झाली. कुसुमताईंना ते बरं वाटलं. पुढं त्याची बदली दुसऱ्या गावी झाली, आणि मुदत संपल्यावर तो घरी गेला.

आयडाहोत तेव्हा बटाट्याची काढणी चालू होती. विमानतळावर आई एकटीच आली होती, बाकी सगळे शेतात. गाडी चालवताना ती गावातल्या लग्नांबद्दल, नव्या ट्रॅक्टरबद्दल बोलत राहिली. घराचं वळण आल्यावर ती म्हणाली, "तू तिकडे परकी भाषा शिकलास ना, तशी इथं मीसुद्धा एक शिकवणी चालवते बरं का. काढणीला लांबून मजूर आलेत ना, त्यांच्यातलीच असावी. दुपारी पाणी मागायला येते आणि पायरीवर बसते. डोक्यावरून काहीतरी ओढलेलं असतं, तोंड नीट दिसत नाही. इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता बिचारीला. पण काय भराभर शिकली!"

लार्सननं गाडीच्या दाराच्या मुठीवर हात ठेवला होता. तो तिथंच राहिला.

"आत ये, आत ये म्हणून मी रोज सांगते, तर येत नाही. आज सकाळी मी निघताना मात्र तिनं स्वतःहून विचारलं, आत कधी येऊ?"

"मग... तू काय म्हणालीस, आई?"

"काय म्हणणार? म्हटलं, आज दुपारीच ये," आईनं गाडी अंगणात वळवली. "म्हटलं, माझा मुलगा घरी येतोय. सगळे मिळून जेवू."